रद्दीत गेलेल्या तीन वह्या: आमच्या सोसायटीच्या कमिटीला खुलं पत्र

मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र खरं तर नोटीस बोर्डावर लावायचं होतं. पण बोर्डाच्या काचेची किल्ली सचिवांकडे असते आणि माझं आधीचं पत्र तीन आठवडे त्यांच्या खणात पडून आहे. म्हणून हे असं चारचौघांत. संस्थेचं नाव लिहीत नाही. नेरुळच्या जुन्या चार मजली इमारतींत राहणाऱ्यांना ते कळेलच, आणि बाकीच्यांनी आपापल्या सोसायटीचं नाव घातलं तरी फारसं चुकणार नाही.

आषाढात बी विंगमधल्या डॉक्टरबाई गेल्या. ८४ वर्षांच्या होत्या. तुम्ही बोर्डावर कागद लावलात: 'ज्येष्ठ सभासद व श्वानप्रेमी' यांचं दुःखद निधन झालं, आणि खाली त्याच कागदावर, उद्यापासून पाण्याची वेळ बदलली आहे. कागद वाचवला हे चांगलंच. बाईंनाही पाठकोरे कागद टाकलेले चालायचे नाहीत. पण 'श्वानप्रेमी' या एका शब्दात तुम्ही त्यांना गुंडाळून ठेवलंत आणि पुढच्या चार महिन्यांत जे काही केलंत ते त्या शब्दातूनच आलं, असं माझं म्हणणं आहे.

आधी माझा यात काय संबंध ते सांगतो, कारण कमिटीतल्या जुन्या मंडळींना ते आठवत असेल. २००९ साली बाईंच्या विरोधात पहिला लेखी अर्ज मीच दिला होता. 'सदर महिला भटक्या कुत्र्यांना अन्न देऊन उपद्रव वाढवीत आहेत', हे वाक्य माझं. नऊ वर्षांचा असताना, मुरबाड तालुक्यातल्या आमच्या गावी, शाळेतून येताना मला कुत्रा चावला होता. आईनं जखमेवर लाल तिखट दाबलं आणि मग बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं, रोज एक. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यापर्यंतचं अंतर मी आजही पावलांत सांगू शकेन. त्यानंतरची पस्तीस वर्षं कुत्रा दिसला की मी रस्ता बदलत होतो.

अर्ज दिल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई घरी आल्या. आता भांडण होणार म्हणून बायकोनं दार अर्धंच उघडलं. बाईंच्या काखेत लांबट, लाल पाठीची हिशेबाची वही होती. खुर्चीवर बसून त्यांनी पेन काढलं आणि मला विचारलं, साल कोणतं? चावा कुठे? कपड्यावरून की उघड्या पायाला? कुत्रा ओळखीचा होता का? मी सांगत गेलो, त्या लिहीत गेल्या. मग म्हणाल्या, "दहा दिवसांनी तो कुत्रा जिवंत होता का?"

मला माहीत नव्हतं. गावात कुणालाच नव्हतं. कुणी बघितलंच नव्हतं.

रेबीज झालेल्या कुत्र्याच्या लाळेत एकदा विषाणू उतरला की तो कुत्रा दहा दिवसांच्या आत मरतो. म्हणून चावल्यावर लगेच लस सुरू करायची आणि कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची. तो धडधाकट राहिला, तर त्या चाव्यातून रेबीज झालेला नाही हे पक्कं. बाईंनी हे मला पाढे शिकवावेत तसं शांतपणे सांगितलं. चौदा सुयांमधून मला जे टोचलं ते मेंढीच्या मेंदूपासून केलेलं होतं, डेव्हिड सेंपलनं १९११ साली कसौलीत तयार केलेली लस, तिच्यामुळे काहींना अर्धांगासारखे त्रास व्हायचे, आपल्याकडे तिचं उत्पादन २००४च्या अखेरीस थांबलं, हेही सांगितलं. आज दंडावर चारपाच टोचण्यांत काम होतं, पण त्याआधी पंधरा मिनिटं साबणानं वाहत्या पाण्याखाली जखम धुवायची. "तिखट नाही, हळद नाही, चुना नाही. साबण." मग वही मिटून म्हणाल्या, "तुमचा अर्ज मागे घेऊ नका. फक्त त्यात तारीख घाला, तारीख नाही टाकली तुम्ही."

त्या डॉक्टर होत्या त्या पीएचडीच्या. सोसायटीतले निम्मे लोक त्यांना खोकल्याचं औषध विचारायचे आणि त्या दर वेळी सांगायच्या, "मी कांद्याची डॉक्टर." शब्दशः खरं होतं ते. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात त्यांची नोकरी अन्नपदार्थांवर किरणांचा मारा करण्याच्या कामात गेली. कांद्यावर कोबाल्ट-६०च्या गॅमा किरणांची अगदी थोडी, ०.१ किलोग्रेपेक्षाही (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप) कमी मात्रा दिली की त्याला कोंब फुटत नाही. कांदा किरणोत्सारी होत नाही. दाढेचा एक्स-रे काढल्यावर दाढ होते का, असं त्या विचारायच्या. त्या २००१ साली निवृत्त झाल्या आणि लासलगावचं 'कृषक' हे अन्नविकिरण केंद्र २००२ साली सुरू झालं, याची त्यांना थोडी चुटपुट होती. एसटीनं जाऊन ते बघून आल्या. येताना दहा किलो कांदे. २००७ साली अठरा वर्षांच्या खंडानंतर आपला आंबा अमेरिकेला जाऊ लागला, तो लासलगावला विकिरण करून. त्या दिवसांत बाईंनी वाशीच्या घाऊक बाजारातून दोन पेट्या आणून विंगमध्ये घरटी एक हापूस वाटला होता. कशाबद्दल ते तेव्हा आम्हाला कळलं नाही. आम्ही आंबा खाल्ला.

त्या मूळच्या शिकारपूरच्या, सिंधमधल्या. १९४७ साली सहा वर्षांच्या असताना कराचीहून बोटीनं मुंबईला आल्या आणि तिथून कल्याण कॅम्पात. आज ज्याला आपण उल्हासनगर म्हणतो ते. दुसऱ्या महायुद्धात बांधलेल्या लष्करी बराकी, मध्ये गोणपाट लावून एकेकीत कितीतरी कुटुंबं. त्या स्वतःला निर्वासित म्हणायच्या नाहीत, "मी कॅम्पवाली" म्हणायच्या. मराठी शाळेत शिकल्या. 'ळ' मात्र शेवटपर्यंत जमला नाही, नेरुळचं 'नेरूल'च राहिलं. शिकारपूरच्या घरचा कुत्रा टांग्यामागे स्टेशनपर्यंत धावत आला होता, एवढं एकदाच बोलल्या. मी लगेच शहाणपणानं विचारलं, म्हणून तुम्ही या कुत्र्यांचं करता का? "नाही साईं. ही इथे आहेत म्हणून करते."

कुत्र्यांची नावं तुम्हाला विनोदी वाटायची. कोबाल्ट, सिझियम, थोरियम, रेडॉन. रेडॉन हा वायू, तसा हा कुत्राही असायचा पण दिसायचा नाही. आयोडीन हे नाव त्यांनी कुठल्याही पिल्लाला दिलं नाही: किरणोत्सारी आयोडीनचं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं उरायला लागणारा काळ, आठ दिवसांचं, उगाच अपशकुन नको. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञ बाई, पण एवढी एक अंधश्रद्धा त्यांनी ठेवली होती. कोबाल्ट-६०चं अर्धायुष्य सव्वापाच वर्षांचं. आपला काळा कोबाल्ट चौदा वर्षं जगला. माझ्या स्कूटरच्या सीटवर झोपायचा. हो, माझ्याच.

आता त्या लाल वह्यांबद्दल. २००८पासून तीन वह्या झाल्या होत्या. प्रत्येक कुत्र्याला एक पान: रंग, नर की मादी, निर्बीजीकरणाला कधी नेलं, परत कधी सोडलं, कोणत्या कानाला खाच (निर्बीजीकरण झाल्याची खूण), रेबीजची लस दरवर्षी कोणत्या तारखेला. शेवटी एक वेगळा भाग 'चावे' या मथळ्याखाली; त्यात माझी १९७०च्या दशकातली चावलेली पोटरीही आहे, उपरी असूनही. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर आपल्या आवारात आणि नाल्याच्या कडेला मिळून तेवीस कुत्री आहेत. शेवटच्या वहीत नऊ, आणि नऊही खाच असलेली. हे कुणी टेम्पो बोलावून केलेलं नाही. पालिकेच्या गाडीची वाट बघत, कुत्र्याला आदल्या रात्री उपाशी ठेवून, बाईंनी एकेक करून केलं, पंधराहून जास्त वर्षं.

तर आता तक्रारी.

पहिली: या वह्या तुम्ही रद्दीत घातल्या. जूनमध्ये रुग्णालयात जाताना बाईंनी त्या स्वतः ऑफिसात आणून दिल्या होत्या, मी साक्षीला होतो. दिवाळीच्या साफसफाईत कपाट रिकामं केलं तेव्हा जुनी बिलं आणि कॅलेंडरांबरोबर त्याही गेल्या. मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "काका, कुत्र्यांची वही होती ती." मी सेक्टरमधल्या रद्दीवाल्याकडे गेलो. मधली वही मिळाली, वजनावर, बारा रुपयांना. पहिली आणि शेवटची लगद्याला गेली.

बाईंना हाफकिनची गोष्ट फार आवडायची, ती इथे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. वाल्देमार हाफकिन हा आजच्या युक्रेनमधल्या ओडेसाचा ज्यू. स्वतःच्या देशात जागा मिळाली नाही म्हणून पॅरिसला गेला, तिथून १८९३ साली हिंदुस्थानात पटकीची लस घेऊन आला. १८९६ला मुंबईत प्लेग आला तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजातली एक खोली आणि एक बोळ एवढ्या जागेत त्यानं प्लेगची लस केली आणि १० जानेवारी १८९७ला आधी स्वतःला टोचून घेतली. मग १९०२ साली पंजाबात मुलकोवालला लस टोचलेली एकोणीस माणसं धनुर्वातानं मेली. दोष हाफकिनवर आला, पद गेलं. पण ती बाटली गावात उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला, ही गोष्ट चौकशीच्या कागदांत होती. ती कुणीतरी लक्ष देऊन वाचायला आणि त्याच्यावरचा डाग पुसायला १९०७ उजाडलं. परळच्या प्रयोगशाळेला त्याचं नाव १९२५ साली मिळालं. "नोंद होती म्हणून माणूस सुटला," बाई म्हणायच्या. कॅम्पवालीला ओडेसावाल्याबद्दल थोडं जास्त वाटत असणार, हे माझं आपलं. पण २०१६च्या सभेत कुणीतरी "बाहेरून आलेल्यांनी आम्हाला शिकवू नये" असं बोललं, तेव्हा बाईंनी उत्तर दिलं नाही, वहीत सभेची तारीख लिहिली. मिळालेल्या वहीत ते पान आहे. बोलणाऱ्याचं नाव त्यांनी लिहिलेलं नाही.

दुसरी तक्रार पाण्याच्या सिमेंटच्या कुंड्यांची आणि मीटर रूममागच्या कोपऱ्याची. जागा बाईंनी मनानं निवडलेली नव्हती. मुलांच्या झोपाळ्यांपासून, जिन्यापासून आणि फाटकापासून लांब म्हणून कमिटीनंच मान्य केली होती. वेळ सकाळी साडेपाच आणि रात्री दहानंतर. २०२३चे प्राणी जन्म नियंत्रण नियम नेमकं हेच सांगतात, आणि जागा ठरवण्याची जबाबदारी रहिवाशांच्या संस्थेवरच टाकतात. सप्टेंबरमध्ये तुम्ही कुंड्या उचलल्या आणि कोपऱ्याला जाळी लावली. परिणाम काय झाला ते रोज दिसतंय: लोक आता फाटकाजवळ पोळ्या टाकतात, कारण कोपरा बंद आहे.

तिसरी. सप्टेंबरातच एका रात्री टेम्पो आला आणि नऊपैकी पाच कुत्री गेली. कुठे, ते वॉचमनला सांगितलेलं नाही. पाम बीच रस्त्यापलीकडे खाडीच्या बाजूला, असं तो म्हणतो. रेडॉन कुणाला दिसलाच नाही म्हणून राहिला. हे करताना तुम्ही सोसायटीच्या ग्रुपवर ११ ऑगस्टच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाची बातमी टाकलीत. तो आदेश दिल्ली आणि आसपासच्या भागापुरता होता. त्यात २२ ऑगस्टला बदल झाला: रेबीजचा संशय असलेली किंवा आक्रमक कुत्री वगळता बाकीच्यांना निर्बीजीकरण, जंतांचं औषध आणि लस देऊन मूळ जागीच सोडायचं, खायला ठरलेल्या जागीच घालायचं. ती बातमी ग्रुपवर आली नाही. ७ नोव्हेंबरच्या आदेशात कुत्री हटवायच्या जागा म्हणून शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, एसटी स्थानकं, रेल्वे स्थानकं आहेत. चार मजली सोसायट्या नाहीत. रस्त्यावर खायला घालायला न्यायालयानं मनाई केली आहे, तीही मला मान्य आहे, आणि म्हणूनच तो कोपरा हवा आहे.

कुत्रे हाकलून प्रश्न सुटत असता तर १८३२ सालीच सुटला असता. तेव्हा कंपनी सरकार मुंबईत कुत्र्यामागे आठ आणे देत होतं. पकडणाऱ्यांनी घरातलेही कुत्रे ओढले, पारशी मंडळी रस्त्यावर उतरली, दंगल झाली. आठ आणे गेले, कुत्री राहिली. जागा रिकामी झाली आणि कचऱ्याचा ढीग तिथेच राहिला, की शेजारची येतात. बाई हे सांगायच्या तेव्हा आपण सगळे घड्याळ बघायचो.

आणि आली. दिवाळीनंतर नाल्याकडून तीन नवी कुत्री आली आहेत. एकाच्याही कानाला खाच नाही. नोव्हेंबरात दूध टाकणाऱ्या मुलाला, एकोणीस-वीस वर्षांचा असेल, सी विंगच्या जिन्याजवळ त्यांतला एक चावला. मी खाली पोचेपर्यंत कुणीतरी हळद लावली होती. मी त्याला नळाखाली बसवून साबण लावला, घड्याळ लावून पंधरा मिनिटं, तो थंडीनं कुडकुडत होता आणि राहिलेल्या पिशव्यांची काळजी करत होता. मग रिक्षानं पालिकेच्या रुग्णालयात. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, कुत्र्याला लस दिली आहे का? दिसतो का अजून?

माझ्याकडे मधली वही होती. तिच्यात तो कुत्रा असणं शक्यच नव्हतं.

तो कुत्रा त्या दिवसापासून पुन्हा दिसला नाही. मुलाला रक्तगटासारखं लक्षात राहील असं मी वेळापत्रक चिठ्ठीवर लिहून दिलं, आज, तिसरा दिवस, सातवा, अठ्ठाविसावा. चौथ्या खेपेला मी सोबत गेलो, कारण त्याचा मालक अर्ध्या दिवसाचा पगार कापत होता. जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसं रेबीजनं मरतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, त्यांतला जवळपास तिसरा हिस्सा आपल्या देशात, आणि लक्षणं दिसू लागल्यावर उपाय नाही. सत्तर टक्के कुत्र्यांना लस दिलेली असली की साखळी तुटते. आपल्या आवारात ती शंभर टक्के होती. ऑगस्टपर्यंत.

कुत्र्यांची भीती असलेल्यांना खोटं पाडायला मी निघालेलो नाही. माझीही पूर्ण गेलेली नाही. रात्री अनोळखी कुत्रा भुंकला तर पोटरी अजून आकसते. ए विंगमधल्या वहिनींच्या नातीला सायकल चालवताना भीती वाटते, तिचं म्हणणं ऐकलंच पाहिजे. पण त्या मुलीला लस दिलेली, ओळखीची, म्हातारी नऊ कुत्री बरी, की कुठून आली ते ठाऊक नसलेली तीन?

मागण्या अशा:

मीटर रूममागची जाळी काढा, कुंड्या परत ठेवा, वेळ तीच ठेवा. वाद असेल तर नियमांतली समिती आहे, तिच्याकडे दोघे मिळून जाऊ.

टेम्पो कुणी ठरवला, पैसे कोणत्या खात्यातून गेले आणि कुत्री कुठे सोडली, हे लेखी सांगा. पाचांपैकी जी सापडतील ती परत आणायचा खर्च मी आणि आणखी चार सभासद करायला तयार आहोत.

नव्या तिन्ही कुत्र्यांसाठी पालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाला संस्थेच्या लेटरहेडवर पत्र द्या. सभासदाच्या साध्या कागदावर गाडी लवकर येत नाही, बाईंचा अनुभव तसाच होता.

दरवर्षी २८ सप्टेंबरला, रेबीज दिनाला, आवारात लसीकरण. त्याच दिवशी वॉचमन, सफाई कामगार, दूधवाले आणि पेपरवाले यांना जखम कशी धुवायची ते दाखवायचं. फळीवर साबणाची वडी कायम.

ओल्या कचऱ्याचे डबे झाकणाचे आणा. हा ठराव २०१९ साली मंजूर झालेला आहे.

आणि चौथी लाल वही ऑफिसच्या कपाटात, कुलपाखाली, हजेरीपटाशेजारी. मी ती सुरू केली आहे. पहिल्या पानावर रेडॉन. पुढच्या तीन पानांवर राहिलेली तिघं, मधल्या वहीवरून जुन्या तारखा उतरवून. मग तीन नवी, नावं न देता, कारण नाव ठेवायला मला रसायनशास्त्र येत नाही. दूध टाकणाऱ्या मुलाचं पान 'चावे' या भागात आहे. 'दहा दिवसांनी' हा रकाना रिकामा आहे.

बाईंच्या नावाचा बाक, कमान, फलक यांतलं काही मी मागत नाही. फक्त बोर्डावरचा तो कागद बदला. 'अन्नविकिरण शास्त्रज्ञ, भाभा अणुसंशोधन केंद्र (निवृत्त)' असं लिहा, आणि पाण्याची वेळ वेगळ्या कागदावर.

येत्या सर्वसाधारण सभेत हे पत्र वाचायला पाच मिनिटं मागतो. वही घेऊन येईन.

आपला,
तळमजल्यावरचा एक जुना सभासद आणि २००९चा अर्जदार
नेरुळ, नवी मुंबई
डिसेंबर २०२५

ता. क.: सभेनंतरच्या अल्पोपाहारात दरवर्षी कांदाभजी असतात आणि उरलेली कुणीतरी प्रेमानं मागच्या बाजूला टाकतं. कांद्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. बाई असत्या तर प्लेट घेऊन दारात उभ्या राहिल्या असत्या. या वर्षी मी राहीन.